पगाराचं लेखाशीर्ष

पोलीस तपास म्हटलं की खाकी वर्दीच डोळ्यांसमोर येते. पण खून, विषबाधा, बलात्कार किंवा बनावट दारू अशा कुठल्याही प्रकरणाचं दोषारोपपत्र उघडा, त्यात निदान एक कागद बिनवर्दीच्या माणसाने लिहिलेला असतो. ठाण्यातले लोक त्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल. माझी सगळी नोकरी हे कागद लिहिण्यात गेली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी राज्याच्या एका प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक म्हणून रुजू झाले आणि बहुतेक काळ विषशास्त्र विभागात राहून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर या कामाबद्दल बोलायला बोलावतात तेव्हा लोकांना ऐकायचे असतात गाजलेल्या खुनांचे किस्से. मला बोलायचं असतं पदांबद्दल आणि पगाराबद्दल, कारण इतक्या वर्षांत तपास कुठे अडतो ते मी तिथेच पाहिलं आहे.

आमचं खातं गृह विभागाखाली येतं. मुख्यालय मुंबईत कालिन्याला, स्थापना १९५८ ची. पण मुंबईत सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा त्याच्याही कितीतरी आधी, १८७० मध्ये सुरू झाली होती. म्हणजे पोलिसांच्या तपासात नागरी नोकराने शास्त्र सांभाळायचं, ही व्यवस्था इथे दीडशे वर्षं चालू आहे. आम्ही कुणाला अटक करत नाही की जबाब नोंदवत नाही. मात्र अटक झालेला माणूस सुटतो की शिक्षा भोगतो, हे पुष्कळदा आमच्या टेबलावरच्या निष्कर्षावर ठरतं.

ते टेबल कसं असतं, ते सांगते. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा एका बरणीत ठेवतात. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे दुसऱ्या बरणीत आणि रक्त वेगळ्या बाटलीत. हे अवयव टिकवायला वापरतात ते साधं मिठाचं पाणी, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं. त्या पाण्याचाही नमुना निराळ्या बाटलीत यायला हवा, म्हणजे ‘विष मिठातूनच आलं असेल’ असा मुद्दा पुढे कुणाला काढता येत नाही. बरण्यांवर लाखेचं सील आणि सोबतच्या पत्रावर त्याच सीलचा ठसा. हा मुद्देमाल घेऊन एखादा हवालदार पहाटेच्या एसटीने निघतो आणि अकराच्या सुमाराला आमच्या आवक खिडकीसमोर रांगेत उभा राहतो. पत्रात काही चुकलं, सील जुळलं नाही, की त्याला तसंच परत जावं लागतं. “मॅडम, घ्या ना तेवढं, साहेब ओरडतील,” असं काकुळतीने सांगणारे कितीतरी जण मला आठवतात. सील तुटलेली बरणी घेतली असती तर त्याचं काम झालं असतं, पण कोर्टात त्या बरणीला काहीच किंमत उरली नसती.

धान्यात ठेवायच्या गोळ्या खाऊन झालेले मृत्यू आमच्याकडे नेहमी येत. त्या गोळ्यांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. अवयवाचा अंश आम्लात टाकून मंद आचेवर ठेवला की फॉस्फिन वायू सुटतो. चंबूच्या तोंडाशी सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला फिल्टर पेपर धरायचा. फॉस्फिन असेल तर तो काळा पडतो. ऐकायला सोपं वाटतं. पण कुजू लागलेल्या अवयवांतून हायड्रोजन सल्फाइडही निघतो आणि तोही तोच कागद काळा करतो. म्हणून शेजारी लेड अ‍ॅसिटेटचा कागद धरावा लागतो, कारण त्याला फक्त सल्फाइड काळा करतो. पहिला कागद काळा आणि दुसरा पांढरा, तर उत्तर स्पष्ट. दोन्ही काळे झाले तर घाई करायची नाही. सल्फाइड आधी बाजूला काढायचा, पुन्हा बघायचं, मग दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची. माझ्या वरिष्ठांनी मला पहिले काही महिने एकही निष्कर्ष लिहू दिला नाही, नुसते कागद दाखवायचे आणि विचारायचे, “काय दिसतं? आणि काय दिसत नाही?” ते शिकवणं कुठल्याही खरेदीच्या यादीत बसत नाही. त्यासाठी एक जुना माणूस आणि एक नवा माणूस बराच काळ एकाच खोलीत असावे लागतात.

आणि हे विष वाट पाहत नाही. फॉस्फिन उडून जाणारा वायू. बरणी ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहिली, मग आमच्या शेल्फवर पडून राहिली, की दिवसागणिक सापडण्याची शक्यता कमी होत जाते. मग अहवालात लिहावं लागतं, ‘विष आढळून आले नाही’. नवऱ्याने बायकोला गोळी चारली असेल तर त्याच्या वकिलाच्या हाती आपण होऊन दिलेला हा कागद. कुणी खोटं लिहिलेलं नसतं, कुणी पैसे खाल्लेले नसतात. बरणी उघडायला माणूस नव्हता, एवढंच घडलेलं असतं.

एका दुपारी एक बाई दिराला घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी आल्या होत्या. नवरा कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन गेला होता. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या देशाने त्याची दखल घेतली. पण एकेकटे असे मृत्यू त्याआधीही होत आणि नंतरही झाले. शेतकरी अपघात विम्याच्या योजनेत तेव्हा अशा मृत्यूला दोन लाख रुपये मिळत. विषबाधा असेल तर दाव्याच्या कागदांत रासायनिक विश्लेषणाचा अहवाल लागे. तालुक्याच्या कृषी कार्यालयाने तो मागितला, ठाण्याने ‘अजून आला नाही’ म्हणून सांगितलं, म्हणून त्या थेट आमच्याकडे आल्या. अहवाल आम्ही नातेवाइकांच्या हाती देत नाही, तो पोलीस ठाण्यालाच जातो. मी त्यांना बसवलं आणि ते समजावून सांगितलं. दीर म्हणाला, “ताई, नका देऊ हातात. पण तपासलं का, तेवढं तरी सांगा. पेरणीला पैसा न्हाई.” मी नोंदवही पाहिली. त्यांची बरणी रांगेत होती आणि तिच्या पुढे शेकडो बरण्या होत्या. त्या वर्षी विभागातली निम्म्याहून अधिक पदं रिकामी होती. हे वाक्य मी नंतर बैठकांत पुष्कळदा उच्चारलं, पण त्या दोघांसमोर ते बोलायला मला जमेना. कारण त्यांच्या दृष्टीने ते उत्तरच नव्हतं.

रिकाम्या पदांची ही गोष्ट सरकारी कामकाजाशी परिचय नसलेल्यांना समजावून सांगावी लागते. कुठल्याही खात्यात किती माणसं असावीत याचा एक मंजूर आकृतिबंध असतो. त्यात नवं पद घालायचं तर वित्त विभागाची संमती लागते, कारण पद म्हणजे तीसेक वर्षांचा पगार, वर वेतन आयोग, वर निवृत्तीचे लाभ. हा आवर्ती खर्च. यंत्र म्हणजे एकदाच होणारा खर्च. निविदा निघते, मार्चअखेर बिल मंजूर होतं, उपयोगिता प्रमाणपत्र जातं आणि निधी ‘खर्ची पडला’ अशी नोंद होते. केंद्राकडून येणारा पैसाही बहुतेक याच वाटेने येतो. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालू आहे. अलीकडे न्यायसहायक क्षमतांच्या आधुनिकीकरणासाठी २,०८० कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,२५४ कोटींची आणखी एक योजना मंजूर केली, २०२८-२९ पर्यंतची. हे आकडे वाचून मला खरोखर आनंद झाला. आमच्या पिढीने काचेच्या पट्टीवर सिलिका जेल पसरून, ठिपक्यांवर फवारा मारून कीटकनाशकं ओळखली. आजच्या मुलांना चांगली यंत्रं मिळालीच पाहिजेत. पण दुसरी योजना आहे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या नव्या संकुलांसाठी आणि केंद्रीय प्रयोगशाळांसाठी. राज्याच्या प्रयोगशाळेत बरणी उघडणाऱ्या माणसाचा पगार राज्याच्याच तिजोरीतून निघायचा, आणि तिथेच हात आखडतो.

मी काम केलेल्या एका ठिकाणी असं महागडं यंत्र आलं होतं. मिश्रणातले घटक वेगळे करून एकेकाची ओळख पटवणारं, विषशास्त्रासाठी वरदानच. त्याला सतत हेलियम लागतो. सिलिंडरचा पुरवठा संपला, नवी निविदा अडकली, देखभालीच्या कराराची मुदत टळली. यंत्र चालवायला शिकलेल्या एकमेव सहकाऱ्याची बदली झाली आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. यंत्र कापडाखाली झाकून राहिलं. आम्ही पुन्हा काचेच्या पट्ट्यांकडे वळलो, आणि अहवाल निघत राहिले ते त्यांच्यावरच.

त्या काचेच्या पट्ट्यांबद्दल मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. महाराष्ट्राच्या प्रयोगशाळांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून वेगवेगळी कीटकनाशकं ठिपक्याच्या रंगावरून ओळखण्यासाठी नवी अभिकर्मकं शोधली आणि त्यावरचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापून आले. त्यांच्याकडे संशोधनाचं अनुदान नव्हतं, रोजच्या प्रकरणांचा भार तर होताच. तरीही ते साधलं, कारण ती माणसं कायम नोकरीत होती, एकाच प्रकारच्या बरण्या वर्षानुवर्षं पाहत होती, आणि आपल्या भागात कुठलं औषध कुठल्या हंगामात विकलं जातं हे त्यांना ठाऊक होतं. असं ज्ञान अकरा महिन्यांच्या करारात तयार होत नाही.

अकरा महिन्यांचा करार हा आमच्या विभागात शेवटच्या काही वर्षांत शिरला. मुंबई, औरंगाबाद आणि नागपूर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था निघाल्या, तिथून मुलंमुली शिकून बाहेर पडू लागली. फार चांगली तयारी असलेली पोरं. त्यांतली काही आमच्याकडे करारावर आली. एक मुलगी तर अशी होती की पहिल्याच महिन्यात तिने लेड अ‍ॅसिटेटच्या कागदाबद्दल मला असा प्रश्न विचारला, जो मला सुचायला वर्षं लागली होती. ती दोन वर्षंही राहिली नाही. तलाठी भरतीत तिचं नाव लागलं आणि ती गेली. निरोपाच्या चहाला म्हणाली, “मॅडम, घरचे म्हणतात पक्की नोकरी सोडू नको. मला इथंच राहायचं होतं.” तिला मी काय सांगणार? तिच्या वडिलांच्या जागी मी असते तरी हाच सल्ला दिला असता. राज्याने तिच्या शिक्षणावर पैसा घातला, आम्ही आमचा वेळ घातला, आणि विषशास्त्रातली एक तयार विश्लेषक सातबाराच्या नोंदी घेऊ लागली. तलाठ्याचं काम कमी महत्त्वाचं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण तिला तिच्या विद्येचं पक्कं पद याच राज्यात मिळायला हवं होतं.

शिवाय करारावरच्या माणसाच्या हाताला एक कायद्याची मर्यादा असते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये कुणाचा अहवाल साक्षीशिवाय पुरावा म्हणून वाचता येईल त्यांची यादीच दिलेली होती: रासायनिक परीक्षक आणि सहायक रासायनिक परीक्षक, न्यायसहायक प्रयोगशाळेचे संचालक, उपसंचालक, सहायक संचालक, रक्तद्रव्यतज्ज्ञ; आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचंही नाव त्यात होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ३२९ मध्ये आहे. म्हणजे टेबलावर दहा मदतनीस आणून बसवले तरी सही करू शकणारा एकच असेल, तर अहवाल त्याच्या दारातच तुंबतात. मुलं काम उपसत, आणि सहीसाठी माझ्यापुढे फायलींचा ढीग लागे. प्रत्येक वर्कशीट वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मी स्वतःशी ठरवलेलं होतं. कारण सही म्हणजे ‘हे मी जाणते’ असं न्यायालयाला दिलेलं वचन. तिकडे तपासी अधिकाऱ्याला साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल करायचं असतं, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून तो लिहितो, ‘सीए अहवाल प्राप्त होताच सादर करण्यात येईल’. असं लिहिलेल्या किती दोषारोपपत्रांच्या मागे एखादा निर्दोष माणूस आत बसून राहिला असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

निर्दोष म्हटलं म्हणून सांगते. खुनाच्या एका प्रकरणात पकडलेल्या तरुणाचा डाग पडलेला शर्ट आमच्या जीवशास्त्र विभागात आला होता. सहकाऱ्याने तपासलं, रक्त होतं. पण माणसाचं नव्हतं, बकऱ्याचं होतं. तपासी अधिकाऱ्याचा फोन आला, “पुन्हा एकदा बघता का?” सहकाऱ्याने पुन्हा पाहिलं, निकाल तोच, आणि अहवाल तसाच गेला. त्या अधिकाऱ्याने पुढे काही कटकट केली नाही, हेही सांगायला हवं. चांगले पोलीस अधिकारी उलट या अहवालामुळे वाट चुकण्यापासून वाचतात. पण समजा, तो विश्लेषक त्याच ठाण्याच्या मर्जीने लागला असता, त्याचं पुढच्या वर्षीचं नूतनीकरण त्याच साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून असतं, तर त्या फोनचं वजन किती वाढलं असतं? आमचे गोपनीय अहवाल ठाण्यातून लिहिले जात नव्हते. पक्कं पद, ठरलेला पगार आणि शास्त्रज्ञ वरिष्ठ, या आधारावर ‘बकऱ्याचं रक्त’ हे दोन शब्द निर्भयपणे लिहिता आले.

एकदा सत्र न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारलं, “तुमचा पगार गृह खातंच देतं ना? पोलिसांचंच खातं?” मी म्हटलं, “हो. ही माझी वर्कशीट, हे दोन्ही कागद तिला चिकटवलेले आहेत. आपण पाहा.” त्यांनी खरंच नीट पाहिलं, लेड अ‍ॅसिटेटबद्दल तीनचार नेमके प्रश्न विचारले आणि खाली बसले. तो प्रश्न मला अपमानाचा वाटला नाही. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या तपासाला जनतेपैकी कुणीतरी असं विचारलंच पाहिजे, आणि उत्तर द्यायला ते काम ज्याने केलं तो माणूस हजर असला पाहिजे.

इंग्लंडात या बाबतीत दोन्ही टोकांचे अनुभव आहेत. २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याने तिथे बिनवर्दीच्या कर्मचाऱ्यांना रीतसर तपास अधिकारी म्हणून नेमता येऊ लागलं. आर्थिक गुन्हे, कागदपत्रं, साक्षीदारांचे जबाब अशी कामं ते करतात. आणि त्याच देशाने आपली सरकारी न्यायसहायक विज्ञान सेवा, महिन्याला वीस लाख पौंडांचा तोटा होतो म्हणून, २०१२ मध्ये बंद करून टाकली. काम खासगी कंपन्यांकडे आणि पोलीस दलांच्या स्वतःच्या प्रयोगशाळांकडे गेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि संसदेच्या समित्यांनी त्याबद्दल वारंवार चिंता व्यक्त केली. गुन्ह्याच्या तपासात नफा-तोट्याचा हिशेब लावायचा तर निर्दोष सुटलेल्या माणसाचे दिवस कुठल्या रकान्यात धरायचे, हे मला तरी समजलेलं नाही.

आता आपल्याकडे काळ फार महत्त्वाचा आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रात फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या २०२५ मध्ये रस्त्यावर आल्या. मी त्यांतली एक आतून पाहिली. रक्ताच्या, अमली पदार्थांच्या, स्फोटकांच्या प्राथमिक चाचण्यांचे संच, कॅमेरे, नमुन्यांसाठी शीतपेटी, सगळं नीट मांडलेलं. पण गाडीतली तज्ज्ञाची एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची, तर तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि कोर्टाच्या तारखा धरून पाच माणसं लागतात. शिवाय ही गाडी जितका जास्त आणि जितका चांगला पुरावा गोळा करेल, तितक्या जास्त बरण्या आणि पाकिटं प्रयोगशाळेच्या त्याच शेल्फवर येणार. म्हणजे नुसत्या गाड्या वाढल्या आणि विश्लेषकांची पदं होती तिथेच राहिली, तर रांग आणखी लांबेल. प्रत्येक गाडीच्या मंजुरीबरोबरच तिच्यामागे प्रयोगशाळेत किती पदं लागतील तो आकडा शासन निर्णयात यावा आणि पगाराच्या लेखाशीर्षात तरतूद दिसावी, असं मी गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात अधिकाऱ्यांपुढे मांडलं. लेखा विभागातले एक गृहस्थ नंतर भेटून म्हणाले, “बाई, यंत्राची फाईल तीन महिन्यांत फिरते, पदाची फाईल तीन मंत्र्यांपर्यंत जाते.” मी म्हटलं, “जाऊ द्या तीन मंत्र्यांपर्यंत. पण पाठवा.”

मला अजून समन्सं येतात. निवृत्त झालं तरी आपण सही केलेल्या अहवालाची जबाबदारी संपत नाही. पुढच्या महिन्यात एका सत्र न्यायालयात तारीख आहे, जुनं प्रकरण, गोळीचंच. प्रयोगशाळेत फोन करून वर्कशीट काढून ठेवायला सांगितलं आहे. त्या विभागात आता दोन नव्या नेमणुका झाल्या आहेत, पक्क्या. त्यांपैकी एकाने विचारलं, “मॅडम, मी पण येऊ का कोर्टात? उलटतपासणी कशी होते ते बघायचंय.” मी त्याला सकाळच्या सातच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं आहे.